‘हर्स’ या शब्दाची कुळकथा

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या मंदिराची जी साफसफाई चालली आहे, तींत वस्त्रागाराच्या माळ्यावरून एक जुनी वस्तु खालीं उतरविण्यांत आली, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. पुरुषभर उंचीचा एक सागवानी खांब, त्याच्या माथ्यावर लांकडाचा एक त्रिकोण, आणि त्या त्रिकोणाच्या दोन्ही उतरत्या बाजूंवर उभ्या ठोकलेल्या लोखंडी सळया. सळया मोजल्या, त्या तेरा भरल्या. दोन ठिकाणीं नुसतीं भोंकें होतीं. म्हणजे मूळच्या पंधरा. तरुण मंडळींनीं ती वस्तु अंगणांत आणून आडवी ठेविली. इतक्यांत आपल्यांतलेच एक वयोवृद्ध शेतकरी तेथून चालले होते. ते थांबले, डोळ्यांवर हात धरून त्यांनीं नीट पाहिलें व म्हणाले, “फादर, हें दंताळें देवळांत कोणी आणून ठेवलें हो?”

सगळे हंसले. आम्हीही हंसलों. परंतु रात्रीं पुस्तकें चाळूं लागल्यावर आमचें हंसूं मावळलें. कारण त्या गृहस्थांनीं नकळत त्या वस्तूचें खरें नांव उच्चारलें होतें. युरोपांतील ख्रिस्ती लोक गेलीं कित्येक शतकें तिला दंताळेंच म्हणत आले आहेत.

महोत्सव समितीनें ही वस्तु मोडीत देण्याचें ठरविलें होतें. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. आजचें हें व्याख्यान त्या मुदतीचें फळ आहे; तें गोड कीं आंबट, हें आपण ठरवावें.

ही वस्तु म्हणजे पवित्र आठवड्यांतील ‘तेनेब्रे’ नामक विधीचा, म्हणजे अंधकाराच्या प्रार्थनेचा, अनेक शाखांचा मेणबत्तीदान होय. इंग्रजी भाषेंत याला ‘हर्स’ असें नांव आहे. हा शब्द ऐकतांच पुढच्या बांकावरील कित्येकांच्या कपाळावर आंठ्या पडलेल्या आम्हांस येथून दिसत आहेत. ‘हर्स’ म्हणजे मयताची गाडी, एवढाच अर्थ आपणांस परिचयाचा. तो शब्द शुभकार्याच्या सभेंत कशाला, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. पण मेणबत्तीदान आणि मयताची गाडी हे दोन निरनिराळे शब्द नव्हेत. शब्द एकच आहे. तो शेतांतून वेदीजवळ आला आणि वेदीजवळून स्मशानाच्या वाटेला लागला. ती वाट आज आपण पाहूं.

दिव्यांस नांवें देण्याची माणसाची रीत मोठी मौजेची आहे. आपल्या मराठी बायबलांत, निर्गम ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत, देव मोशेला शुद्ध सोन्याचा जो सात दिव्यांचा दीप घडविण्यास सांगतो, त्याला ‘दीपवृक्ष’ असें सुंदर नांव दिलेलें आहे. तें यथार्थ आहे. कारण त्या दीपाला खरोखरच सहा शाखा होत्या, तीन एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस, आणि त्यांवर बदामाच्या फुलांसारख्या वाट्या घडविलेल्या होत्या. मूळ हिब्रू शब्द ‘मेनोरा’ हा मात्र झाडावरून आलेला नाहीं. तो ‘नेर’ म्हणजे दिवा या शब्दाच्या घरचा आहे. लॅटिन बायबलांत त्याच ठिकाणीं ‘कांदेलाब्रुम’ हा शब्द येतो. तो ‘कांदेला’ म्हणजे मेणबत्ती, यापासून झाला. आणि कांदेलाचें मूळ ‘कांदेरे’, म्हणजे शुभ्र तेजानें झळकणें. निवडणुकीला उभा राहणारा ‘कँडिडेट’ याच कुळांतला. रोममध्यें असा उमेदवार खडूनें पांढरा केलेला अंगरखा घालून मतें मागत फिरे. आजच्या उमेदवारांविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं.

आपल्याकडेही हेंच आहे. ‘शमादान’ हा शब्द फारसी वाटेनें आला. शमा म्हणजे मेणबत्ती आणि दान म्हणजे ठेवण्याचें पात्र. देवळाच्या छताला टांगलेल्या कांचेच्या दिव्याला आपण ‘हंडी’ म्हणतों. हंडी ही मूळची चुलीवरची. तिचा आकार दिव्यांत दिसला, म्हणून ती स्वयंपाकघरांतून उठून छताला जाऊन बसली. जी गोष्ट हंडीची, तीच गोष्ट आमच्या या हर्सची. फरक इतकाच कीं, हर्स स्वयंपाकघरांतून न येतां शेतांतून आला.

प्राचीन रोमन शेतकऱ्यांजवळ ‘हिर्पेक्स’ नांवाचें एक अवजार असे. इसवी सनापूर्वी ११६ ते २७ या काळांत होऊन गेलेला रोमन पंडित व्हारो यानें लॅटिन भाषेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत या अवजाराचें वर्णन आहे. अनेक दांत बसविलेलें एक लांकूड, बैल गाडीप्रमाणें तें ओढतात, आणि जमिनींत सरपटत पसरलेलीं मुळें व तण तें उपटून काढतें. आपला कुळव नव्हे. कुळवाला पात असते, दांत नसतात. हें आपलें दंताळेंच. नांगरलेल्या जमिनींतलीं ढेंकळें फोडावयाचीं, धसकटें वेंचावयाचीं आणि रान बियाण्यासाठीं मऊ करावयाचें, हें त्याचें काम.

तर मग ‘हिर्पेक्स’ हा शब्द कोठून आला? येथें पंडितांचा मतभेद आहे. व्हारो म्हणतो, तो ‘सेर्पेरे’, म्हणजे सरपटणें, या धातूपासून आला. पूर्वीं ‘सिर्पेक्स’ म्हणत, पुढें आरंभीचा ‘स’ झिजून गेला. परंतु आजच्या कोशकारांस दुसरी एक व्युत्पत्ति अधिक पटते. दक्षिण इटलींत साम्नी नांवाचे लोक राहत. त्यांच्या ऑस्कन भाषेंत लांडग्याला ‘हिर्पुस’ म्हणत. त्यांच्यांतील एका टोळीचें नांवच ‘हिर्पिनी’ होतें, आणि तें लांडग्यावरून पडलें, असें स्त्राबो या भूगोलकारानें लिहून ठेविलें आहे. हीच गोष्ट फेस्तुस याच्या शब्दकोशांतही होती. आणि त्या कोशाचा संक्षेप करून ती आपल्यापर्यंत पोहोंचविणारा पावलुस दियाकोनुस हा आठव्या शतकांतील माँते कासीनो मठाचा संन्यासी होता, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. हिर्पिनींचा मुलूख बेनेव्हेंतोच्या आसपासचा. संत पाद्रे पिओ यांचें जन्मगांव पिएत्रेलचीना तेथून जवळच आहे. त्या अवजाराचे दांत पाहून शेतकऱ्यांस लांडग्याचा जबडा आठवला असावा, आणि त्यावरून त्यांनीं त्याला हें नांव दिलें असावें. आम्हांस ही व्युत्पत्ति अधिक आवडते, हें कबूल करतों. परंतु आवडणें हा कांहीं पुरावा नव्हे. त्याविषयींचा आमचा एक कडू अनुभव आम्ही पुढें सांगणार आहों.

लॅटिनची मोडतोड होऊन फ्रेंच भाषा झाली, तेव्हां हिर्पेक्सचें ‘एर्स’ झालें. त्याच्या लिहिण्यांत ‘ह’ आहे, पण फ्रेंच लोक तो उच्चारीत नाहींत. शेतांतलें दंताळें एर्स. आणि जें जें दांतेरी दिसेल तेंही एर्स. किल्ल्याच्या वेशींत शत्रूपुढें वरून धाडकन् खालीं सोडावयाचा अणकुचीदार गजांचा सांगाडा, तोही एर्स. नाटकगृहांत रंगभूमीच्या वर टांगलेली दिव्यांची रांग, तीही एर्स. आणि देवळांत, त्रिकोणाच्या दोन बाजूंवर दांतांसारख्या सळया ठोकून त्यांवर मेणबत्त्या खोवण्याचा जो सांगाडा, तोही एर्स. तो शब्द इंग्लंडांत गेल्यावर त्याचा ‘ह’ पुन्हा जिवंत झाला व त्याचें ‘हर्स’ झालें.

आतां त्या मेणबत्तीदानाचें काम सांगतों. आम्ही स्वतः हा विधि त्याच्या जुन्या रूपांत पाहिलेला नाहीं. आमचा जन्म त्यानंतरचा. परंतु जुन्या प्रार्थनाग्रंथांत तो जसा आहे तसा सांगतां येतो. पवित्र गुरुवार, शुक्रवार व शनिवार या तीन दिवसांची रात्रवंदना आणि प्रभातवंदना आदल्या दिवशीं सायंकाळींच गाण्याची वहिवाट होती; म्हणजे बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार या तीन संध्याकाळीं. रात्रवंदनेंत नऊ स्तोत्रें, प्रभातवंदनेंत पांच, मिळून चौदा. आणि त्रिकोणावर मेणबत्त्या पंधरा. त्या शुभ्र मेणाच्या नसत. न धुतलेल्या पिवळ्या मेणाच्या असत. मृतांसाठीं मिस्सा करतांना वेदीवर जें मेण जळे, तेंच हें मेण. एक स्तोत्र संपलें कीं खालच्या टोंकाची एक मेणबत्ती विझवावयाची. दुसरें संपलें कीं दुसऱ्या बाजूची. मध्यें यिर्मयाचीं विलापगीतें गायिलीं जात. त्यांत प्रत्येक कडव्याआधीं येणारें हिब्रू अक्षर, आलेफ, बेथ, गिमेल, हें सुद्धां चालीवर आळवून गात. नुसतें एक अक्षर गाऊन माणूस इतका शोक व्यक्त करूं शकतो, हें ज्यांनीं तें ऐकलें आहे त्यांनाच कळेल.

अशा रीतीनें चौदा दिवे विझत. जखऱ्याचें स्तोत्र चाललें असतां वेदीवरील सहा मेणबत्त्याही विझवीत. माथ्यावरची एकच उरे. ती मात्र विझवीत नसत. ती काढून वेदीच्या मागें नेऊन लपवीत, आणि देऊळ अंधारांत बुडे. त्या अंधारांत पश्चात्तापाचें स्तोत्र म्हटलें जाई. मग ग्रंथ बांकांवर आपटून एक खडखडाट होई. ख्रिस्ताच्या मृत्यूच्या वेळीं झालेल्या भूकंपाची ती खूण, असें सांगतात. आणि मग ती मेणबत्ती, जळतीच, वेदीमागून परत येई. एक शब्दही न बोलतां सगळे उठून घरीं जात.

ह्या चौदा मेणबत्त्या म्हणजे अकरा प्रेषित आणि तीन मरिया, व माथ्यावरची ख्रिस्त, असा अर्थ पुष्कळ ग्रंथकार लावितात. कोणी त्या चौदांना एकामागून एक मारल्या गेलेल्या संदेष्ट्यांच्या ठिकाणीं मानतात. आमच्या मतें हे अर्थ मागाहून चिकटविलेले आहेत. संख्या मुळीं स्तोत्रांवरून ठरली. नवव्या शतकांत मेत्झचा आमालारियुस चोवीस मेणबत्त्यांचा उल्लेख करतो. मग तेथें किती प्रेषित मोजावे? स्पेन देशांत या मेणबत्तीदानाला ‘तेनेब्रारियो’ म्हणतात. सेव्हिलच्या महामंदिरांत सोळाव्या शतकांत बार्तोलोमे मोरेल यानें घडविलेला एक प्रचंड तेनेब्रारियो आहे. त्याच्या माथ्यावर मेणबत्त्यांच्या ओळींत मूर्तिही उभ्या केल्या आहेत. आपल्या वसई प्रांतांत इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळीं लॅटिन उपासनेबरोबर हा विधिही येथें आला. पोर्तुगीज भाषेंतही त्याचें नांव अंधाराचेंच.

याविषयीं आम्ही आपल्या धर्मग्रामांतील एका वृद्ध माउलीस विचारलें. त्यांचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे. नांव सांगूं नका, असें त्यांनीं बजाविलें आहे. त्यांच्या लहानपणीं हा त्रिकोण वेदीच्या उजव्या हाताला उभा केलेला त्यांनीं पाहिला आहे. मुलांना खडखडाटाची मौज वाटे. वर्षांतून तीनच दिवस देवळांत बांक बडविण्याची मुभा! परंतु एका वर्षीं उपासकाळांत त्यांचे वडील वारले. त्या आठ-नऊ वर्षांच्या. त्या वर्षीं बांक बडवावयास त्यांचे हात उठले नाहींत. सेवेकऱ्यानें शेवटची मेणबत्ती काढून वेदीमागें नेली, तेव्हां त्यांना वाटलें कीं यंदा ती परत यावयाची नाहीं. त्या आईचा पदर घट्ट धरून वेदीच्या कोपऱ्याकडे टक लावून बसल्या. “आणि मग, आजी?” आम्ही विचारलें. “मग काय, फादर? आली कीं,” त्या म्हणाल्या, आणि पुढें कांहीं न बोलतां जपमाळ चाळूं लागल्या.

आतां हा शब्द मयताच्या वाटेला कसा लागला, तें पाहूं. मध्ययुगांत मोठ्या माणसाचें शव देवळांत ठेवीत, तेव्हां त्यावर लांकडाचा किंवा लोखंडाचा एक मांडव उभारीत. त्याला वरच्या बाजूनें सळया असत आणि त्यांवर पुष्कळ मेणबत्त्या लावीत. सळया आल्या, मेणबत्त्या आल्या, म्हणून नांवही तेंच आलें. कांहीं ठिकाणीं असा मांडव कायमचा कबरीवरच बसवीत. यॉर्कशायर परगण्यांतील वेस्ट टॅनफील्ड या गांवच्या देवळांत मार्मियन घराण्याची चौदाव्या शतकांतील एक कबर आहे; तिच्यावरचा लोखंडी हर्स, मेणबत्त्यांच्या सळयांसकट, अद्यापि उभा आहे. पुढें शव ठेवण्याच्या तिरडीलाच हर्स म्हणूं लागले. आणि सतराव्या शतकांत ती तिरडी वाहून नेणाऱ्या गाडीला. मेणबत्त्या वाटेंत गळून पडल्या, नांव तेवढें राहिलें. आज मोटारींतून शव नेतात. तिला कोठें दांत नाहींत, दिवा नाहीं, तरी ती हर्सच.

याच शब्दाचें एक दुसरें भावंड आपल्या रोजच्या बोलण्यांत आहे, आणि तें फार आनंदी आहे. आपलें गायकमंडळ दर शनिवारीं सायंकाळीं ‘रिहर्सल’ करतें. फ्रेंचमध्यें ‘रेएर्सिए’ म्हणजे दंताळें पुन्हा फिरविणें. एकदां फिरविलेल्या रानांत पुन्हा फिरवावयाचें, राहिलेलीं ढेंकळें फोडावयाचीं; त्यावरून तीच गोष्ट पुन्हापुन्हा म्हणणें, असा अर्थ झाला. म्हणजे हर्स आणि रिहर्सल हीं एकाच दंताळ्याचीं लेंकरें होत. गायकमंडळानें हें ऐकून रिहर्सलला यावयाचें सोडूं नये, एवढीच विनंति.

आतां तो कडू अनुभव. इंग्रजींत दंताळ्याला ‘हॅरो’ असा एक शब्द आहे. आणि ख्रिस्त मृत्यूनंतर मृतांच्या लोकीं उतरला व त्यानें तेथील धार्मिकांस मुक्त केलें, या श्रद्धेच्या सत्यालाही इंग्रजींत एक जुनें नांव आहे. त्यांत ‘हॅरोइंग’ असा शब्द येतो. कांहीं वर्षांपूर्वीं एका पवित्र शनिवारीं आम्ही व्यासपीठावरून मोठ्या आवेशानें सांगितलें कीं ख्रिस्तानें मृत्युलोकावर दंताळें फिरविलें, आणि म्हणूनच या मेणबत्तीदानाला दंताळ्याचें नांव पडलें. प्रवचन रंगलें. मागाहून कोश उघडून पाहतों, तों तें हॅरोइंग सैन्यानें लूट करणें या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदावरून आलेलें. दंताळ्याचा हॅरो वेगळा. आणि हिर्पेक्सशीं दोघांचेंही नातें नाहीं! रॉकेलच्या दिव्याला आपण चिमणी म्हणतों, म्हणून तिच्यांत पक्षी शोधावयास जावें, तशी आमची गत झाली. ती चिमणी इंग्रजी धुराड्याची. आमचें तें प्रवचन आतांपावेतों वाखाणणारे एक गृहस्थ या सभेंत आहेत. त्यांनीं आज आम्हांस क्षमा करावी.

हा त्रिकोण माळ्यावर कां गेला, हेंही सांगितलें पाहिजे. त्यांत कोणाचा निष्काळजीपणा नाहीं. पोप बारावे पायस यांनीं इ. स. १९५५ च्या नोव्हेंबरांत पवित्र आठवड्याच्या विधींची नवी व्यवस्था लावून दिली, व ती १९५६ पासून अमलांत आली. प्रभूच्या भोजनाची मिस्सा सायंकाळीं आली. त्यामुळें या वंदना आपल्या मूळच्या वेळीं, म्हणजे सकाळीं, गेल्या. सकाळच्या लख्ख उजेडांत मेणबत्ती विझविली काय आणि न विझविली काय! पुढें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर प्रार्थनाग्रंथच नव्यानें रचला गेला आणि या विधीला त्यांत जुनें रूप उरलें नाहीं. कोठें कोठें भाविक लोक तो आपखुषीनें आजही करतात. आम्ही त्या सुधारणेला नांवें ठेवीत नाहीं. तिच्यापूर्वीं पुनरुत्थानाच्या रात्रीचा विधि शनिवारीं सकाळीं उरकीत असत, आणि धर्मगुरु भर उन्हांत ‘ही ती रात्र’ असें गात, हें तरुणांस खरेंही वाटणार नाहीं. एका विधीचा अंधार काढून दुसऱ्याला दिला गेला. पवित्र शनिवारीं रात्रीं अंधाऱ्या देवळांत जी पुनरुत्थानाची मेणबत्ती आपण आंत आणतों, तीच आज अंत्यविधीच्या वेळीं शवपेटीजवळ पेटवून ठेवितों. जुन्या हर्सवरील शेंकडों मेणबत्त्यांच्या जागीं ती एकटी उभी असते.

समितीची बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. हा त्रिकोण मोडीत न देतां वस्त्रागाराच्या भिंतीशीं उभा करून ठेवावा, असा आमचा अर्ज आहे. खांबाला वाळवी लागलेली नाहीं, हें सुतारानें पाहून सांगितलें आहे. ज्यांनीं त्याला दंताळें म्हटलें, त्या गृहस्थांनीं परवां येऊन भोंकांचीं मापें घेतलीं. त्यांच्या घरीं एक मोडकें दंताळें पडून आहे; त्याचे दोन दांत या सळयांच्या जाडीचे भरतात, असें ते म्हणतात.